मेरिम सांगते तेवढंच

आक-मुझ, ११ नोव्हेंबर २०१८

प्रिय साल्किन,

काल फोनवर मी सांगितलं, तू 'हं' म्हणालीस, आणि तेवढ्यात आईने माझ्या हातातून फोन ओढला. तिला गुडघ्याचं सांगायचं होतं. मग शेजारची अल्माश अक्का आली, तिला तू केस कापलेस ते बघायचं होतं. मग आपली पोर, मेरिम. मग रेंजच गेली. आपल्या घरात तुझा फोन म्हणजे चावडी झालीय. चावडीवर नवऱ्याने बायकोला काय सांगायचं? म्हणून हे पत्र. नारिनहून टाकतो. पोचायला तीन आठवडे लागतात म्हणे. लागू देत, मी कुठे पळून जातोय?

तर व्हिसाच्या त्या जर्मन परीक्षेत नापास झालो. पण कसा झालो ते ऐक, म्हणजे तुला वाटेल की अगदीच ढ नाहीये.

ऐकण्याचा भाग गेला. लिहिण्याचा बरा झाला. मग बोलायला एकेका जोडीला आत बोलावत होते. माझ्या जोडीला एक कोवळी पोरगी, तिचा नवरा हॅम्बुर्गला. तिच्या हातातल्या कार्डावर 'रविवार' लिहिलेलं. त्यावरून तिने प्रश्न करायचा, मी उत्तर द्यायचं. तिने विचारलं, "रविवारी तुम्ही काय खाता?" मला प्रश्न कळला, साल्किन. शपथेवर सांगतो, पूर्ण कळला. पण मी विचारात पडलो. रविवारी आपण काय खातो? मेंढी कापली असेल तर कुऊरदाक, नाहीतर शनिवारचं उरलेलं. मेंढीचा शब्द आठवेना. 'उरलेलं' तर कुणी शिकवलंच नव्हतं. मी म्हणालो, "ब्रेड." परीक्षक बाई पेन धरून थांबली, पुढे काही येईल म्हणून. मी पुन्हा म्हणालो, "ब्रेड."

बाहेर आल्यावर ती पोरगी म्हणाली, "दादा, तुम्ही खरं सांगायला गेलात. इथे खरं कुणी विचारत नाही."

आईला मी सांगितलंय की परीक्षाच पुढे ढकलली. तूही तसंच म्हण.

तुला गेल्याला वर्ष उलटलं. तू इथून निघताना म्हणाली होतीस, 'एवढीशी परीक्षा आहे, सागिन, मुलं देतात.' ते मी लक्षात ठेवलंय. टोमणा मारत नाही, नुसतं लक्षात आहे म्हणतोय.

तुझा,
सागिन


आक-मुझ, २० जानेवारी २०१९

साल्किन,

तू म्हणालीस, फोनवरचा खेळ खेळून भाषा येत नाही, नीट शिक. बरोबर आहे तुझं. त्या खेळाने मला इतक्या दिवसांत काय दिलं? 'माझा घोडा पियानो वाजवत नाही.' हे वाक्य मला झोपेतून उठवून विचार. बरोबर आलं की फोन घंटा वाजवतो, चुकलं की रुसल्यासारखा कुरकुरतो. एक दिवस चुकवला तर लिहून पाठवतो, 'आम्हाला तुमची आठवण येते.' फोनला येते.

आता मी वर्गात आहे. अल्माश अक्काच्या भाचीने पत्ता दिला. कांत गावच्या लीडिया बाई फोनवरूनच शिकवतात. मंगळवारी आणि शुक्रवारी सगळ्यांचे चेहरे चौकटीत दिसतात. बाई जन्माने जर्मन, साठी उलटलेली. त्यांची भावंडं नव्वद साली उठून तिकडे गेली, या म्हाताऱ्या आईसाठी राहिल्या. आई गेली, या राहिल्याच. 'मी लोकांना दारापर्यंत सोडते,' म्हणतात.

वर्गात सगळ्या बायका. एकीचा नवरा बर्लिनला, एकीचा आणखी कुठे. नवऱ्यामागे निघालेल्या सगळ्या. बायकोमागे निघालेला मी एकटा. पहिल्या दिवशी मी तोंड दाखवलं तर सगळ्या पडद्याजवळ वाकल्या. मग तलासची आसिल म्हणाली, "बाई, कुणाचा तरी नवरा चुकून आत आलाय." तेव्हापासून मला भावजी म्हणतात. माझी पाळी आली की हळूच उत्तर सांगतात. बाई रागावतात, "भावजींना बुडू द्या! बुडल्याशिवाय हात मारणार नाहीत!"

रेंजसाठी मी गाडी वर टॉवरपाशी नेऊन उभी करतो. आत शेगडी नाही, इंजिन चालू ठेवलं तर डिझेल जातं. तोंडातून वाफ येते आणि बाईंना वाटतं मी सिगारेट ओढतोय. मेरिम सोबत येते. आईची शाल गुंडाळून मागे बसते. परवा बाई म्हणाल्या, "सागिनबेक, उत्तर बरोबर आहे, पण ते तुमच्या तोंडातून आलेलं नाही." मेरिम होती ती.

दिवसा प्रवासी नेताना गाडीत स्पीकरवर पाठ लावतो. आत-बाशी ते नारिन, घाट चढेपर्यंत एक पाठ होतो. आधी लोक कुरकुरले, गाणी लाव म्हणाले. आता त्यांना चटक लागलीय. तुर्दू आजोबांना आकडे शंभरपर्यंत येतात. मला चाळिसाच्या पुढे अडतं. त्यांच्यात आधी एकं म्हणतात मग दहं, आपल्या किरगिझच्या उलटंच.

आणि तो, ती, ते! आपल्याकडे माणूस असो की मांजर, एकच शब्द. त्यांच्याकडे चमचा पुरुष, काटा बाई, सुरी ना धड इकडची ना तिकडची. आजोबा मागून म्हणाले, "सुरी कुणाचीच नसते, हे पटलं." पण पुढच्या पाठात कळलं, लहान मुलगीही त्यांच्यात 'ते' असते. मेरिम म्हणाली, "म्हणजे मी आईकडे गेले की 'ते' होणार?" सगळी गाडी हसली. मी घाटात होतो, नाही हसलो.

तुझं कपाट तुझ्या कामावरच्या त्या माणसाने जोडून दिलं हे बरं झालं. मी आल्यावर दार नीट बसलंय का ते बघेन.

सागिन


आक-मुझ, ३० मार्च २०१९

साल्किन,

तू फोनवर रडलीस आणि मी फोन आपटला. काच गेली. मेरिमने चिकटपट्टी लावलीय, त्यामुळे आता वर्गात सगळ्यांच्या कपाळावर भेग दिसते.

आधी परीक्षेचं सांगतो. दुसऱ्यांदा गेलो. यावेळी बोललो, बरंच बोललो. ऐकण्यात गेलो. स्टेशनवरच्या सूचना लावतात गं. गाडी अमुक फलाटावरून नाही, तमुक फलाटावरून सुटेल. एकदा ऐकवतात, संपलं. आक-मुझला रेल्वे नाही, आख्ख्या नारिनमध्ये नाही. फलाट मी आयुष्यात बिश्केकला एकदा पाहिला, तोही रिकामा. तुझ्याकडे यायचं तर मला आधी एक गाडी पकडता आली पाहिजे, जी कुठेच जात नाही. लिहिताना हसू येतंय. तिथे आलं नव्हतं.

आता तू म्हणालीस ते. मी पुन्हा लिहून काढतो, कारण मला वाटतं तू काय म्हणालीस ते तुलाही ऐकू आलं नसेल.

तू म्हणालीस, "सागिन, मुलीला प्रमाणपत्र लागत नाही. तू फक्त नोटरीकडे जा आणि संमतीवर सही कर. शाळा ऑगस्टअखेर सुरू होते. तू मागून ये."

मी म्हणालो, "मागून म्हणजे कधी?"

"पास झालास की."

"आणि नाही झालो तर?"

तुझ्या मागे कुणीतरी बशा मांडत होतं. मी विचारलं कोण आहे. तू म्हणालीस कुणी नाही, शेजारीण. मग रडलीस. मग मी फोन आपटला.

सही करणार नाही. आम्ही दोघं एकत्र येऊ. मी काही मुलीला ओलीस ठेवत नाहीये, तसं तू म्हणालीस ते मला लागलं. ती गेली तर मी कुणाच्या जोरावर शिकू? टॉवरपाशी एकटा बसून गाडीच्या आरशाला 'रविवारी तुम्ही काय खाता' विचारू?

आईने सगळं ऐकलं. ती म्हणाली, "बायको गेली. आता नातही पाठव. मग तू आणि मी एकमेकांचे गुडघे चोळत बसू." तिच्याशी मी दोन दिवस बोललो नाही.

वर्गातल्या बायका एकेक पास होऊन जातायत. आसिल गेली. विमानतळावरून फोटो पाठवला, 'भावजी, आता तुमचा नंबर.' नव्या बायका आल्यात. बाई मला त्यांची ओळख करून द्यायला लावतात, म्हणजे मी आता वर्गातलं जुनं बाक झालोय. एकीने मला शिक्षकच समजून शंका विचारली. मला उत्तर येत होतं. सांगितलं. वर्ग संपल्यावर बाईंनी थांबवून घेतलं. म्हणाल्या, "तुम्हाला भाषा येतेय, सागिनबेक. तुम्हाला भीती वाटते, ती वेगळी गोष्ट आहे. कशाची वाटते?"

मी म्हणालो, "फलाटाची."

सागिन


आक-मुझ, ९ जून २०१९

प्रिय साल्किन,

तीन आठवडे तुझा फोन नाही. वृद्धाश्रमातल्या पाळ्या लागल्या असतील. म्हाताऱ्यांचं करणं सोपं नसतं, मला आईवरून कळतं. तुझी ती तिथली आजी, जी तुला मुलगी समजून हाक मारते, तिचं कसं आहे?

इथे गुरं वर कुरणात गेली. मी आठवड्यातून दोनदा वर खेप करतो, पीठ-साखर पोचवतो, येताना घोडीच्या दुधाचा कुमिस आणतो. वर रेंज नाही. पण आता मला रेंज लागत नाही. पाठ फोनमध्ये उतरवून घेतो आणि कान लावून चढत राहतो. लीडिया बाईंनी जुन्या परीक्षांच्या सगळ्या सूचना दिल्यात. त्या ऐकून ऐकून मला ते बोलणारे पाठ झालेत. एक बाई आहे, तिला सर्दी आहे. एक माणूस आहे, तो दुकान बंद होण्याची वेळ सांगताना फार दुःखी होतो.

मेरिम तुझ्याशी आता जर्मनमध्येच बोलते. तुम्ही दोघी हसता तेव्हा आई मला कोपराने ढोसते, "काय म्हणतात रे?" मी म्हणतो, शाळेचं चाललंय. बऱ्याचदा खरोखर शाळेचंच असतं. पण तुम्ही फार भराभर बोलता, माझी पकड सुटते. मेरिमला ते माहीत आहे. ती नंतर माझ्यासाठी किरगिझमध्ये पुन्हा सांगते, आजीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, म्हणजे मला सांगते असं वाटायला नको. कुणावर गेलीय कोण जाणे.

मी मध्ये बिश्केकला जाऊन आलो. गिअरबॉक्सचा भाग आणायचा होता. चेरी आल्यात तिथे. एक पिशवी घेतली आणि घाटात थांबून एकट्याने अर्धी संपवली. चेरीची पिशवी मांडीवर आणि समोर सगळं नारिनचं खोरं. पुष्कळ दिवसांनी बरं वाटलं.

एक विचारायचं होतं. तिकडे बस चालवायला इथलं लायसन चालतं का? की तीही परीक्षा? घाई नाही. आणि तुझ्या खोलीची खिडकी कुठल्या दिशेला आहे? तू कधी सांगितलं नाहीस.

पाच जुलैला मेरिमच्या वाढदिवसाला फोन नक्की कर. दहाची होतेय. तेव्हा मला तुला एक गोष्ट सांगायचीय. चावडी असली तरी चालेल, चावडीसमोरच सांगणार आहे.

तुझाच,
सागिन


आक-मुझ, १८ जुलै २०१९

साल्किन,

सोबत संमतीपत्र आहे. नारिनच्या नोटरीकडे केलं. जर्मन भाषांतरही जोडलंय. शिक्का दोन्हीवर आहे. आणखी काही लागलं तर कळव.

मेरिमला घ्यायला तू स्वतः ये. दुसऱ्या कुणाबरोबर पाठवणार नाही.

वाढदिवसाला काही सांगणार होतो असं लिहिलं होतं. विशेष काही नव्हतं. गिअरबॉक्स बदलला, तेवढंच.

तुझा केक करपला असं मेरिम म्हणाली. वाईट वाटलं.

सागिनबेक


आक-मुझ, २२ सप्टेंबर २०१९

साल्किन,

हे वाचून झालं की चुलीत टाक. तुझ्याकडे चूल नसेल, तर बारीक फाडून टाक. मेरिमच्या हाती लागू देऊ नकोस. अजून तिला किरगिझ वाचायचा कंटाळा आलेला नाही.

तू इथे आठवडाभर होतीस तेव्हा हे तोंडाने सांगता आलं असतं. तू मेरिमच्या खोलीत झोपत होतीस. मी रोज सकाळी तुझ्या दारावरून दोनदा जायचो, गाडीच्या किल्ल्या शोधत, आणि किल्ल्या माझ्या खिशातच असायच्या.

पाच जुलैचं सांगतो.

आईने बोरसोक तळले होते. साखरेच्या डब्याला टेकवून फोन उभा केला होता. मी धुतलेला सदरा घातला होता. जे सांगायचं होतं ते मी दोन्ही भाषांत तयार केलं होतं. लीडिया बाईंनी तपासून दिलं होतं. म्हणाल्या होत्या, "क्रियापद जागेवर आहे. आता फक्त आवाज कापू देऊ नका." मे महिन्यात मी पास झालो, साल्किन. काठावर नाही, चांगला पास. गिअरबॉक्स नव्हताच. सर्दीवाल्या बाईची सूचना आली, फलाट बदलल्याची, आणि मला वाटलं शेजारचं कुणी बोलतंय. ते तुला सगळ्यांसमोर सांगणार होतो.

तू म्हणालीस, "थांबा, केक आणते," आणि उठून गेलीस. दार लोटायचं राहिलं. आई चहा करायला आत होती. आम्ही दोघं बापलेक तुझ्या रिकाम्या खुर्चीकडे बघत बसलो होतो.

तुझ्या त्या उघड्या दारातून पुरुषाचा आवाज आला. जर्मनमध्ये म्हणाला, "त्याला माहीत आहे?"

आणि तू म्हणालीस, "नाही. तो ती परीक्षा तशीही पास होणार नाही. मग मला काही सांगावंच लागणार नाही."

बाई नेहमी बजावतात की जर्मन माणूस बोलत असताना मध्येच मान डोलवू नका. शेवटचा शब्द आल्याशिवाय वाक्य कुठे चाललंय ते कळत नाही. मी शेवटच्या शब्दापर्यंत थांबलो. एक शब्द अडला नाही. कुणी माझ्यासाठी हळू बोलत नव्हतं, पुन्हा ऐकवणार नव्हतं, तरी सगळं कळलं. इतकी चांगली भाषा मला त्याआधी कधी आली नव्हती.

पण हे सगळं सांगायला मी लिहीत नाहीये. तुझं तू बघ. दोन वर्षं एका खोलीत एकटीने राहणं काय असतं ते मला माहीत नाही. मला घाट माहीत आहे, खोली माहीत नाही.

मला मेरिमचं सांगायचंय.

तिचा हात बशीवरच थांबला होता. तिला तर माझ्या दसपट कळतं. तिने माझ्याकडे पाहिलं. तो चेहरा तू पाहिला नाहीस म्हणून सांगतो. वर कुरणात लांडगा दिसला की कोकराकडे पाहतात ना, त्याने पाहिलंय का ते बघायला, तशी ती माझ्याकडे बघत होती. बापाला कळलंय का, एवढंच तिला हवं होतं.

मी म्हणालो, "काय म्हणते गं आई? फार भराभर बोलते बुवा ही."

तिने बशी जवळ ओढली. म्हणाली, "केक करपला म्हणते."

"आणि तो कोण बोलतोय?"

"शेजारचे काका आहेत. म्हणतात, जिन्यापर्यंत वास येतोय."

दहा वर्षांची पोर, साल्किन. जिन्यापर्यंत वास येण्याचाही विचार केला तिने.

मग तू केक घेऊन आलीस. पांढराशुभ्र, वर चेरी. मेरिम तू बसायच्या आतच मोठ्याने किरगिझमध्ये म्हणाली, "अय्या, दुसरा आणलास वाटतं! बरं झालं!" तू गोंधळलीस. 'दुसरा म्हणजे?' म्हणालीस. तिने लगेच मेणबत्त्या मोजायला सुरुवात केली, एकदम ओरडून. मीही तिच्याबरोबर मोजल्या. आई चहा घेऊन आली आणि म्हणाली, "काय तुझं सांगायचं होतं ना रे?" मी म्हणालो, गिअरबॉक्स बदलला.

त्यानंतर मेरिम टॉवरपाशी आली नाही. अभ्यास आहे म्हणायची, सुट्टी असताना. फोन वाजला की अंगणातून धावत यायची आणि माझ्याआधी उचलायची. तुझा असेल तर आधी स्वतः ऐकायची, मग मला द्यायची. जेवताना माझ्याकडे बघत बसायची. मी बरा दिसलो की तीही दोन घास खायची. पोरगी माझ्यावर पहारा देत होती. मी तिला बापाची राखण करायला जन्माला घातलेलं नाही. म्हणून नोटरीकडे गेलो. तुझ्यासाठी नाही गेलो.

मी तिला सांगू शकलो असतो, की बेटा, मलाही कळलंय, तू आता सुट. पण मग त्या दिवशी मी विचारलं आणि तिने मला सांगितलं, त्याचं काय करायचं? तिने मला वाचवलं असं तिला वाटतंय. तिच्याजवळ तेवढं एकच आहे. ते मी काढून कसं घेऊ?

ऑगस्टमध्ये तू आलीस. दुसऱ्या दिवशी गोवऱ्या रचताना माझ्याजवळ येऊन उभी राहिलीस आणि विचारलंस, "परीक्षेचं काय झालं?"

मी म्हणालो, "जमत नाही मला. सोडून दिलं."

"असं नको म्हणूस. अजून एकदा बघ ना."

"नाही गं. डोकंच नाही."

तू मान खाली घातलीस. पण तुझे खांदे सैल झालेले मला दिसले. त्या दिवशी तू आईच्या हातचं दोनदा मागून घेतलंस. आई खूश झाली. म्हणाली, "बघ, आपल्या घरचं अन्न गोड लागतं तिला."

बिश्केकच्या मानस विमानतळावर तू सामान लावायला रांगेत गेलीस, तेव्हा मेरिम माझ्या जॅकेटची चेन वर-खाली करत होती. वर न बघता म्हणाली, "बाबा, तुम्ही आता जर्मन शिकू नका."

"का गं?"

"फार अवघड आहे. पुढे तर आणखी अवघड होतं. मीच सुट्टीत येईन."

मी म्हणालो, "बरं."

"नक्की नाही शिकणार?"

"नक्की."

मग ती माझ्या गळ्यात पडली. इतकी घट्ट, की चेन गालाला रुतली तिच्या. गेटमधून जाताना तिच्या गालावर वळ दिसत होता. तू विचारलंस का तिला, कशाचा ते?

लीडिया बाईंना मी नाव काढायला सांगितलं. बायकांना वाटतं मी निघालो. सगळ्या म्हणाल्या, भावजी, तोंड गोड करा, फोटो पाठवा. सगळ्या गेल्यावर बाईंनी विचारलं, "कधी निघताय?" मी म्हणालो, "घाट बर्फाने बंद आहे." अजून सप्टेंबरच आहे, असं त्या म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "कधी नुसतं बोलावंसं वाटलं तर मंगळवारी मी असते." मी अजून गेलो नाही. गाडीत आता गाणी लावतो. तुर्दू आजोबा उगाच चिडतात, म्हणतात शंभरावर नेऊन सोडलंस, पुढचे आकडे कुणी शिकवायचे?

तुझे वेगळं व्हायचे कागद पाठव. लपवत बसू नकोस. भाषांतर करायलाही जाऊ नकोस, मी वाचेन आणि सही करेन. फक्त मेरिमला सांग की बाबांना कुणीतरी वाचून दाखवलं.

एवढंच मागतो. मी पास झालो हे तिला कधी कळता कामा नये. मोठी झाल्यावरही नाही. तिच्यासमोर माझी कीव कर, टिंगल कर, तुझ्या त्या माणसाला करू दे, काही बिघडत नाही. मला कळत नाही असंच समजा. आईला तर मी कायमचा नापास आहेच. ती अल्माश अक्काला सांगते, "आमच्याकडची पोरगी हुशार निघाली, बापाचं डोकं चालत नाही." अक्का माझ्याकडे बघते आणि दुसरा विषय काढते.

मग तुला तरी का सांगितलं? मला माहीत नाही. कुणीतरी एकाने हे जाणावं असं वाटलं असेल. आणि ज्याला सांगायचं असं माझ्याकडे अजूनही कुणी दुसरं नाही. हे लिहिल्यावर कळलं.

परवाच्या रविवारी फोन झाला तेव्हा तू तिच्या मागेच उभी होतीस, हातात टॉवेल. तू तिला जर्मनमध्ये म्हणालीस, "आटप आता, जेवण गार होतंय. ते वाट बघतायत."

आई मला कोपराने ढोसून म्हणाली, "काय म्हणते रे?"

मी मेरिमकडे पाहिलं. म्हणालो, "काय म्हणते गं आई?"

मेरिमने क्षणभर विचार केला. म्हणाली, "आई विचारते, घाटात बर्फ पडायला लागला का? गाडी सावकाश चालवा म्हणते."

तू मागे उभी होतीस. तुला किरगिझ कळतं. तू टॉवेलची घडी घालत राहिलीस.

मी म्हणालो, "सांग तिला, सावकाशच चालवतो."

सागिनबेक